टाकळा: ओळख, खुडणी, स्वयंपाक आणि सावधगिरी यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिला पाऊस पडून जमीन भिजली की आठ-पंधरा दिवसांत पडीक रानात, शेताच्या बांधावर आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत टाकळ्याची रोपे दाटीने उगवतात. कोकणात, गोव्यात आणि विदर्भात ही भाजी पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते. मात्र शहरात वाढलेल्या पिढीला ती ओळखता येत नाही आणि खेड्यातही ती ‘तण’ म्हणून उपटून टाकली जाऊ लागली आहे. टाकळा ही फुकट मिळणारी, चवीची आणि आपल्या मातीतली भाजी असली तरी ती नीट ओळखून, कोवळी असतानाच आणि स्वच्छ जागेवरूनच खुडली पाहिजे. त्या दृष्टीने नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

टाकळा म्हणजे नेमकी कोणती वनस्पती?

टाकळा ही शिंबी कुळातील, एका हंगामात आयुष्य संपवणारी वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव सेना टोरा असे असून जुन्या पुस्तकांत ती कॅसिया टोरा या नावाने आढळते. रोप साधारणपणे ३० ते ९० सेंटिमीटर वाढते आणि चांगल्या जमिनीत त्याहून उंचही होते. विदर्भात तिला तरोटा म्हणतात, गोव्यात तायकिळो, छत्तीसगडमध्ये चरोटा, हिंदी पट्ट्यात चकवड किंवा पवाड, तर संस्कृत ग्रंथांत चक्रमर्द. किनाऱ्याने खाली गेल्यास तुळू भाषक तिला तजंक म्हणतात आणि केरळात ती तकरा या नावाने खाल्ली जाते. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर जवळजवळ सर्वत्र हिची भाजी होते.

शेतात किंवा माळावर टाकळा कसा ओळखावा?

एक पान हातात घेऊन पाहावे. मधल्या दांडीवर समोरासमोर पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानाच्या छोट्या पानांसारख्या भागांच्या, तीन जोड्या असतात. प्रत्येक पर्णिका देठाकडे निमुळती आणि टोकाकडे रुंद, गोलसर असते, आणि टोकाची जोडी सहसा सर्वांत मोठी असते. पान वाकवून खालच्या जोड्यांच्या मधोमध दांडीवर नीट पाहिले, तर बारीक खुंटीसारख्या पिवळसर-केशरी ग्रंथी दिसतात. टाकळ्यात त्या सर्वांत खालच्या जोडीमध्ये आणि तिच्या वरच्या जोडीमध्ये अशा दोन ठिकाणी असतात. पान चुरगाळल्यावर उग्र, काहीसा नकोसा वास येतो. संध्याकाळ झाली की पर्णिका मिटतात, पण हे लक्षण याच गटातील इतर वनस्पतींतही दिसत असल्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये. अगदी नवजात रोपाच्या पहिल्या पानांवर जोड्या कमी असू शकतात, म्हणून नंतर आलेली पाने तपासावीत.

श्रावण-भाद्रपदात पानांच्या बगलेत पाच पाकळ्यांची पिवळी फुले येतात, बहुधा जोडीने. त्यानंतर १० ते २० सेंटिमीटर लांबीच्या, सुईसारख्या बारीक आणि किंचित वाकलेल्या शेंगा धरतात. ही लक्षणे ओळख पक्की करण्यासाठी उत्तम आहेत, मात्र ती दिसू लागेपर्यंत भाजीचा हंगाम सरलेला असतो. म्हणूनच नवख्या माणसाने एका वर्षी फुलाशेंगांसह झाड ओळखून ठेवावे आणि पुढच्या पावसात त्याच जागी उगवलेली कोवळी रोपे खुडावीत. याहून खात्रीचा दुसरा मार्ग म्हणजे गावातील जाणत्या बाईबरोबर एकदा रानात जाणे. तिची नजर जे क्षणात टिपते ते वर्णन वाचून यायला वेळ लागतो.

टाकळ्यासारख्या दिसणाऱ्या कोणत्या वनस्पतींपासून सावध राहावे?

सर्वांत महत्त्वाची वनस्पती म्हणजे कासविंदा, जिला कासोदा असेही म्हणतात. काही भागांत तिला ‘रानटाकळा’ म्हटले जाते आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. कासविंद्याच्या पानात पर्णिकांच्या चार ते सहा जोड्या असतात, पर्णिका टोकाला अणकुचीदार असतात आणि ग्रंथी पर्णिकांच्या मध्ये नसून पानाच्या देठाच्या अगदी बुडाशी असते. शेंगा चपट्या असून त्यांच्या कडा फिकट दिसतात.

कासविंद्याच्या बिया विषारी आहेत. पश्चिम उत्तर प्रदेशात हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुलांना अचानक उलट्या, बेशुद्धी आणि यकृत, स्नायू व मेंदूवर आघात करणारा आजार होऊन मृत्यू येत असत. या आजाराचा संबंध मुलांनी खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या शेंगांशी असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. २०१६ साली ओडिशातील मलकानगिरी जिल्ह्यात झालेल्या बालमृत्यूंच्या तपासातही तज्ज्ञांनी याच वनस्पतीच्या बियांकडे बोट दाखवले होते. काही ठिकाणी कासविंद्याचा कोवळा पाला शिजवून खाण्याची चाल आहे हे खरे. तरीही ज्या घरात ती परंपरा आणि पक्की माहिती नाही, त्या घराने तिच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी वनस्पती सेना युनिफ्लोरा. पुण्याच्या परिसरात आणि दख्खनच्या कोरड्या भागात ती रस्त्याकडेला ताटव्यांनी वाढते. तिच्या अंगावर मखमलीसारखी तांबूस-तपकिरी लव असते, शेंगा आखूड, सरळ आणि बियांच्या मध्ये दबलेल्या असतात. ही भाजी म्हणून खाल्ली जात नाही. तिसरी वनस्पती, सेना ऑब्ट्युसिफोलिया, ही टाकळ्याची इतकी जवळची नातेवाईक आहे की वनस्पतिशास्त्रज्ञही बराच काळ दोघींना एकच मानत होते. तिच्या पानावर एकच ग्रंथी, तीही सर्वांत खालच्या जोडीमध्ये असते आणि शेंगेचा देठ लांब असतो. तिचाही कोवळा पाला अनेक देशांत खाल्ला जातो, त्यामुळे या घोटाळ्याची काळजी करण्याचे कारण नाही.

खुडण्याची योग्य वेळ कोणती?

पाऊस सुरू झाल्यापासूनचे पहिले तीन-चार आठवडे. रोप वीतभर उंचीचे असताना शेंड्याची पाने नखाने सहज तुटतात. तीच खरी भाजी. पुढे पाने जाड होतात, वास उग्र होतो आणि कडवटपणा वाढतो. कळी दिसू लागली की टाकळा भाजीसाठी संपला असे समजावे. पाऊस लांबलेल्या वर्षी रोपे टप्प्याटप्प्याने उगवतात, तेव्हा आषाढभर कोवळा पाला मिळत राहतो. रोप मुळासकट उपटण्यापेक्षा शेंडा खुडला तर बगलेतून नवे फुटवे येतात आणि त्याच जागेवरून पुन्हा भाजी मिळते. आदिवासी बायका रानात अशीच खुडणी करतात.

कोणत्या जागेवरचा टाकळा खाऊ नये?

टाकळ्याला खराब जमीन चालते, त्यामुळे तो नको त्या ठिकाणीही जोमाने वाढतो. रेल्वेमार्गाच्या कडेचा, गटाराच्या पाण्यावर वाढलेला, कचरा टाकण्याच्या जागेवरचा, कारखान्याच्या कुंपणालगतचा आणि वाहत्या महामार्गाला चिकटून असलेला पाला घेऊ नये. जड धातू आणि धुराचे कण धुऊन पूर्णपणे जात नाहीत. आता आणखी एका गोष्टीची भर पडली आहे: पावसाळ्याच्या सुरुवातीला बांधावर आणि फळबागांत तणनाशक मारले जाते. फवारणीनंतर पाने पिवळी पडायला काही दिवस लागतात आणि तोवर ती वरून हिरवीगार दिसतात. दुसऱ्याच्या शेतातून खुडताना मालकाला विचारणे हे शिष्टाचाराइतकेच आरोग्यासाठीही आवश्यक आहे. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांत कोणतीही वनस्पती तोडण्यास कायद्याने बंदी आहे.

बाजारात टाकळा कोठे मिळतो आणि घेताना काय पाहावे?

जून-जुलैमध्ये ठाणे, कल्याण, पालघर, पनवेल आणि मुंबईतील दादरसारख्या बाजारांत कातकरी, वारली, ठाकर समाजाच्या स्त्रिया रानभाज्या घेऊन बसतात. शेवळे, कुर्डू, फोडशी, भारंगी यांच्या शेजारी टाकळ्याच्या लहान जुड्या असतात. गोव्यात म्हापसा आणि मडगावच्या बाजारांत तायकिळो याच दिवसांत दिसतो. अलीकडे ऑगस्टमध्ये कृषी विभागातर्फे जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरतात, तेथेही ओळख करून घेता येते.

जुडी घेताना देठ नखाने मोडून पाहावा; कटकन मोडला तर कोवळा, दोरे निघाले तर जून. पाने टवटवीत असावीत, कळ्या नसाव्यात. विकणाऱ्या बाईला ती कोठून खुडली हे अवश्य विचारावे, आणि भाव करताना हेही लक्षात ठेवावे की ती जुडी पहाटे अंधारात घर सोडून, भर पावसात चिखल तुडवून, लोकलच्या गर्दीतून येथवर आणलेली असते.

भाजी निवडावी आणि शिजवावी कशी?

पर्णिका मधल्या दांडीपासून ओरबाडून घ्याव्यात, जून देठ टाकून द्यावेत, कोवळे शेंडे तसेच ठेवावेत. पाने दोन-तीन पाण्यांतून धुऊन, पाणी निथळू देऊन बारीक चिरावीत. शिजल्यावर भाजी फार चोपते, म्हणून चौघांसाठी चिरलेला पाला निदान पाच-सहा वाट्या भरेल इतका घ्यावा आणि मीठ भाजी बसल्यावरच घालावे. आधी अंदाजाने घातले तर खारट होते.

कोकणात टाकळ्याची जोडी फणसाच्या आठळ्यांशी आहे. उन्हाळ्यात खाल्लेल्या फणसाच्या आठळ्या मातीत घोळवून, वाळवून ठेवलेल्या असतात आणि नेमक्या टाकळा उगवण्याच्या वेळी त्या कामी येतात. दहा-बारा आठळ्या उकडून, सोलून त्यांचे तुकडे करावेत. तेलात मोहरी, हिंग आणि ठेचलेल्या लसणीची फोडणी करून त्यात एक मोठा चिरलेला कांदा आणि तीन-चार हिरव्या मिरच्या परताव्यात, हळद घालावी, मग पाला घालून मंद आचेवर परतावा. पाला बसला की आठळ्या आणि मीठ घालून झाकण ठेवावे, झाकणावर थोडे पाणी ठेवावे आणि दोन-तीन वाफा काढाव्यात. शेवटी अर्धी वाटी ओले खोबरे आणि चिमूटभर गूळ. गूळ गोडीसाठी नसून किंचित कडवट धार बोथट करण्यासाठी असतो. गरम तांदळाच्या भाकरीबरोबर ही भाजी खाल्ली की उग्र वासाविषयीची तक्रार आपोआप मिटते.

आठळ्या नसतील तर भिजवलेली मूगडाळ किंवा चणाडाळ घालावी. विदर्भात तरोट्याच्या भाजीत डाळ घालून ती ज्वारीच्या भाकरीबरोबर खातात. उडुपी-मंगळूर भागात या पाल्याचे वडे करतात. बारीक चिरलेला पाला थालीपिठाच्या भाजणीत किंवा बेसनाच्या भज्यांतही चांगला लागतो, आणि मुलांना ही भाजी पहिल्यांदा द्यायची असेल तर तोच सोपा रस्ता आहे.

भाजीचा उग्र वास आणि कडवटपणा कसा घालवावा?

पाला खरोखर कोवळा असेल तर काहीही करावे लागत नाही. वास कच्च्या पानाला असतो, तो शिजताना बराचसा उडून जातो. सुरुवातीला पाच मिनिटे झाकण न ठेवता परतल्यास आणखी फरक पडतो. पाला थोडा जून असेल तर उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे घालून, पाणी ओतून देऊन, पिळून मग फोडणीला टाकावा. यात काही सत्त्व पाण्याबरोबर जाते, पण पोटाला भाजी सोसते. फार जून पाल्यावर कोणताही उपाय लागू पडत नाही.

ही भाजी औषधी आहे, असे म्हणतात. त्यात कितपत तथ्य आहे?

आयुर्वेदात चक्रमर्दाचा उल्लेख प्रामुख्याने त्वचाविकारांत, विशेषतः गजकर्णावर येतो, आणि त्यासाठी बियांचा लेप सांगितलेला आहे. या वनस्पतीत क्रायसोफॅनॉल, इमोडिन यांसारखी अँथ्राक्विनोन गटातील द्रव्ये असतात. त्यांचा बुरशीविरोधी गुण प्रयोगशाळेत दिसून आला आहे आणि त्यांतील काहींमुळे पोट साफ होते. एवढे खरे आहे. मात्र टाकळ्याची भाजी खाल्ल्याने मधुमेह बरा होतो, कर्करोग टळतो किंवा रक्त शुद्ध होते अशा अर्थाचे जे संदेश दर पावसाळ्यात फिरतात, त्यांना आधार नाही. भाजी म्हणून तिची किंमत पुरेशी आहे: इतर गडद हिरव्या पालेभाज्यांप्रमाणे तिच्यातून तंतू, खनिजे आणि अ जीवनसत्त्वाचे पूर्वद्रव्य मिळते, तेही अशा दिवसांत जेव्हा लागवडीच्या पालेभाज्या पावसाने सडतात आणि महागतात. तिला औषधाच्या बाटलीत बसवण्याचा हट्ट धरला की प्रमाण सुटते, आणि प्रमाण सुटल्यावर अपाय होतो.

किती खावी आणि कोणी टाळावी?

प्रथमच खाणाऱ्याने दोन-चार घासच खावेत आणि दुसऱ्या दिवशी पोट कसे आहे ते पाहावे. सवय असलेल्यांनी हंगामात आठवड्यातून एक-दोनदा, इतर भाज्यांच्या जोडीने खाल्ल्यास सहसा त्रास होत नाही. जास्त खाल्ल्यास पोटात मुरडा येऊन जुलाब होऊ शकतात. ज्यांना आधीच अतिसार किंवा आतड्याचा दाह आहे, त्यांनी ती टाळावी. गरोदर आणि स्तनदा स्त्रियांनी, तसेच रक्त पातळ ठेवण्याची वॉरफॅरिनसारखी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये. वॉरफॅरिनच्या बाबतीत सर्वच गडद हिरव्या पालेभाज्यांतील के जीवनसत्त्वाचा विचार करावा लागतो. लहान मुलांना शिजवलेली कोवळी भाजी थोडी द्यायला हरकत नाही, मात्र शेंगा आणि बिया त्यांच्या हाती लागू देऊ नयेत, मग त्या टाकळ्याच्या असोत वा कासविंद्याच्या.

बियांचा काही उपयोग होतो का?

होतो, आणि तो अनेकांच्या पोटापाण्याशी जोडलेला आहे. विदर्भ, छत्तीसगड आणि मध्य प्रदेशात सुगीनंतर वाळलेली झाडे कापून, झोडपून तरोट्याचे बी गोळा केले जाते आणि व्यापाऱ्यांना विकले जाते. गौण वनोपजासाठी, म्हणजे लाकूड सोडून रानातून मिळणाऱ्या मालासाठी, केंद्र सरकार ज्या किमान आधारभूत किमती ठरवते, त्या यादीत या बियांचा समावेश आहे. बियांच्या गरापासून घट्टपणा आणणारा डिंक तयार होतो. कॅसिया गम या नावाने तो प्रामुख्याने पाळीव प्राण्यांच्या डबाबंद खाद्यात वापरला जातो आणि युरोपात खाद्यपदार्थांत त्याला ई ४२७ हा क्रमांक आहे. चीन, जपान आणि कोरियात या गटातील भाजलेल्या बियांचा काढा चहासारखा पितात. दक्षिण भारतातील पारंपरिक नीळ-रंगाईत हे बी उकळून रंगाच्या कुंडात घालतात, त्यामुळे कुंड आंबण्यास मदत होते. घरच्या घरी बी भाजून कॉफीसारखे पिण्याचा प्रयोग मात्र मी सुचवणार नाही. कासविंद्याचे बी त्यात मिसळले गेले तर परिणाम गंभीर होऊ शकतो.

घरी कुंडीत टाकळा लावता येतो का?

सहज येतो. मार्गशीर्षाच्या सुमारास खात्रीच्या झाडाच्या वाळलेल्या शेंगा आणून बी काढून ठेवावे. बियांचे कवच अतिशय कठीण असते. त्यामुळेच ते मातीत वर्षानुवर्षे टिकते आणि एकाच वेळी सगळे उगवत नाही. पेरण्यापूर्वी बी खरखरीत कागदावर हलकेच घासावे, किंवा उकळून आचेवरून उतरवलेल्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवावे. मेअखेरीस वीतभर खोल कुंडीत दाट पेरले तर पाऊस पडताच खुडण्याजोगा पाला मिळतो. खताची गरज नसते, ऊन मात्र भरपूर लागते. शेंगा पिकण्याआधी झाडे काढून टाकावीत, नाहीतर शेजारच्या सगळ्या कुंड्यांत तोच उगवतो.

परदेशात राहणाऱ्या मराठी माणसांनी बी सोबत न्यावे का?

नेऊ नये. उत्तर ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेच्या दक्षिण भागात टाकळ्याचे जवळचे नातेवाईक कुरणांत आणि सोयाबीनच्या शेतांत मोठी डोकेदुखी ठरले आहेत. ऑस्ट्रेलियात बिया जाहीर न करता नेणे हा गुन्हा आहे.

माझ्या शेतात टाकळा माजला आहे. तो काढावा की ठेवावा?

पिकात असेल तर वेळेवर निंदणी करून काढावा, कारण तो उंच वाढून पिकावर सावली धरतो. शिंबी कुळातला असल्यामुळे तो जमिनीत नत्र स्थिर करतो, असा समज आहे. पण सेना प्रजातीच्या मुळांवर तशा गाठी येत नाहीत, त्यामुळे तो लाभ धरू नये. फुलण्याआधी कापून आच्छादन म्हणून पसरल्यास तो चांगला कुजतो. गुरे तो सहसा तोंडी लावत नाहीत, म्हणूनच अति चराई झालेल्या माळावर तोच उरतो. शेंगा-बिया जनावरांच्या चाऱ्यात मिसळू नयेत, कारण या गटातील वनस्पतींच्या बियांमुळे जनावरांच्या स्नायूंना इजा होते.

पडीक जागेत मात्र थोडा विचार करून निर्णय घ्यावा. गाजरगवताने व्यापलेल्या जागेत पावसाआधी टाकळ्याचे बी फेकले तर तो दाट उगवून गाजरगवताला दाबतो, आणि कृषी शास्त्रज्ञ हा उपाय अनेक वर्षांपासून सुचवत आले आहेत. गाजरगवताने अंगाला खाज सुटते आणि दमा बळावतो, त्यामानाने टाकळा केव्हाही परवडला. त्याच्या पानांवर कॉमन ग्रास यलो आणि मॉटल्ड एमिग्रंट या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. फुलांत मध नसतो. भुंगे आणि रानमाश्या पंखांचे स्नायू थरथरवून परागकोशाच्या टोकावरच्या छिद्रांतून पराग झटकून घेतात, आणि भाद्रपदातल्या सकाळी त्या ताटव्याजवळ उभे राहिले तर तो गुणगुणाट स्पष्ट ऐकू येतो. बांधाचा एखादा तुकडा फवारणीविना राखून ठेवला तर घरच्या भाजीची सोय होते, आणि पोटापुरते खुडून उरलेला पाला गावातल्या रानभाजी विकणाऱ्या बायकांना नेऊ देता येतो.